दात पाहून गुंतवणूक

डॉक्टर औटी यांच्याकडे गुंतवणुकीचा सल्ला मागायला गेलेल्या माणसाला ते आधी तोंड उघडायला सांगतात. ही अतिशयोक्ती नव्हे. मलाही त्यांनी सांगितले होते. काष्टीच्या बाजारतळासमोर लिंबाखाली जे चहाचे हॉटेल आहे, त्याच्या बाकावर चारचौघांच्या देखत, वर्गाबाहेर सहसा न उघडणारे माझे तोंड मी उघडले. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझी हनुवटी अंगठ्याने वर केली आणि आत डोकावले.

"जुळलेले," ते म्हणाले. "जुळून पुन्हा झिजलेले. शास्त्रीबुवा, तुमचा बराचसा पैसा आहे तिथेच, मुदत ठेवीत राहू द्या. शेअर तुम्हाला झेपतील तेवढेच. मिटा तोंड. पुढचा!"

डॉक्टर औटी हे पशुवैद्य. सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन बराच काळ लोटला असला तरी त्यांच्या शर्टाची उजवी बाही अजून काखेपर्यंत गुंडाळलेली असते आणि डावीचे बटण मनगटाशी लावलेले असते. हा निम्मा वेश त्यांनी लग्नसमारंभातही सोडलेला नाही. जनावराचे वय दातांवरून कळते, हे त्यांच्या आयुष्याचे आद्य सूत्र. दुधाचे दात असलेले जनावर आदात. पुढे दोनदाती, चारदाती, सहादाती. आणि सगळे दात आले की जुळलेले. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी हे सूत्र सरसकट माणसांना लावले. नुकता नोकरीला लागलेला तरुण म्हणजे आदात: त्याने बिनधास्त समभाग घ्यावेत, पडला तरी उठायला त्याच्यापाशी वेळ आहे. माझ्यासारख्याने जपून चालावे. बँकेतून मला मिळालेल्या पुस्तिकेत याच गोष्टीला 'जोखीम सोसण्याची क्षमता' असे नाव देऊन तिच्यावर पानेच्या पाने खर्ची घातली होती.

त्या पुस्तिकेमुळेच मी डॉक्टरांच्या तावडीत सापडलो. मी संस्कृतचा शिक्षक. निवृत्त होताना हाती रक्कम आली आणि तिचे करायचे काय हे मला कळेना. पुस्तिकेतल्या प्रत्येक शब्दाची व्युत्पत्ती मी सांगू शकत होतो. अर्थ मात्र एकाचाही लागत नव्हता. 'तरलता' या शब्दापाशी मी दोन दिवस अडून होतो. अखेर धीर करून मी लिंबाखाली गेलो आणि पुस्तिका डॉक्टरांपुढे धरली.

त्यांनी ती उघडली नाही. तिने ते वारा घेऊ लागले.

"तरलता होय? सोपं आहे. शनिवारी सकाळी बाजारात उभं केलेलं जे संध्याकाळी आपल्या दावणीला परत येत नाही, ते तरल. तुमची गाय तरल. तुमचा बंगला तरल नाही, तो काष्टीच्या बाजारात आणता येत नाही. आणि तुमच्या डोक्यातलं ते सगळं व्याकरण, त्याला तर गिऱ्हाईकच नाही."

मंडळी हसली. डॉक्टरांच्या वर्गात विद्यार्थ्याचा अपमान हा शुल्काचा भाग असतो, हे मला तेव्हा उमगले.

पण शिकवणी सुरू झाली खरी. दर महिन्याला ठरावीक रक्कम फंडात घालणे, ज्याला सगळे जग एसआयपी म्हणते, त्याला डॉक्टर 'रतीब' म्हणत. दूध महाग झाले म्हणून आपण रतीब तोडत नाही आणि स्वस्त झाले म्हणून घरात घागरी भरून ठेवत नाही, तसेच हे. चक्रवाढ म्हणजे कालवड न विकणे: कालवडीला कालवड होते, तिला पुन्हा कालवड होते, आणि मधेच कोणाच्या तरी बारशासाठी पहिलीच विकणारा मनुष्य जन्मभर दूध विकत आणतो. फंड सांभाळणारी कंपनी जे शुल्क कापते ती गुराख्याची मजुरी; गुराखी हवाच, पण निम्मी धार स्वतःच पिणारा नको. सगळा पैसा एका जागी ठेवू नये याचे कारण लम्पी: गाईंवर ती साथ आली तेव्हा शेळ्या पाळणारे निवांत झोपत होते. आणि अडीनडीला बाजूला ठेवायची रक्कम म्हणजे कडब्याची गंजी. ती उन्हाळ्यासाठी असते. दिवाळीत तिच्याकडे बघायचेसुद्धा नाही.

यात शिकवण्याचा भाग थोडा आणि तुच्छतेचा फार. मोबाईलवर रोज शेअरचे भाव बघणारा एक तरुण व्यापारी बाकावर येऊन बसे. त्याला डॉक्टर म्हणाले, "ताप बघायला थर्मामीटर कुठे लावतात माहीत आहे ना बैलाला? तू तो तिथून काढतच नाहीस. मग बैल बिचारा चालेल कसा?" तो तरुण पुन्हा त्या बाकावर दिसला नाही. तेजीच्या बाजाराला परदेशात वळूची उपमा देतात, हे मी भीतभीत सांगितले, तर म्हणाले, "देणाऱ्याने वळू फक्त चित्रात पाहिलेला असणार. वळू दिवसातला बहुतेक वेळ बसून असतो."

"किती टक्के सुटतील?" असे विचारणाऱ्याला मात्र ते उत्तरच देत नसत. "मुस्की बांधा," एवढेच म्हणत. मुस्की म्हणजे पिकात काम करताना बैलाने इकडे तिकडे तोंड घालू नये म्हणून त्याच्या तोंडाला बांधायची जाळी. डॉक्टरांचे एकंदर मत असे होते की ही जाळी देवाने चुकून बैलांसाठी सुचवली.

अशा माणसाला मित्र असणे शक्य नव्हते, तरी एक होता. हमीदभाई. त्यांची कडब्याची वखार बाजारतळाला लागूनच. डॉक्टरांपुढे बाकीचे माना खाली घालत. हमीदभाई समोर बसून, बशीत फुंकर मारत उत्तर देत.

"डॉक्टर, जनावरांना तुमी सुई टोचायचात. मानसांना जीभ टोचता. जनावरं बरी हुत्यात, मानसं न्हाई."

"सुई टोचताना जनावराला खोड्यात घालता येतं, माणसाला येत नाही, हमीदभाई, तिथेच घोटाळा आहे."

"तुमाला घालाया पायजे हुतं. लई उशीर झाला."

हे असे रोज चाले आणि दोघांनाही ते चहाइतकेच लागे. हमीदभाईंकडे खिलार बैलांची एक जोडी होती, राजा आणि सर्जा. दोन्ही घरच्या गाईची. सर्जा जन्मताना पायाळू अडला होता; डॉक्टरांनी काखेपर्यंत हात घालून त्याला ओढून काढला. हमीदभाई ही हकीकत नव्या माणसाला हटकून सांगत. डॉक्टर प्रत्येक वेळी तोंड वाकडे करून म्हणत, "त्याचा मला पगार होता."

बाजारात डॉक्टरांचा शब्द चाले. सौदा ठरण्याआधी गिऱ्हाईक त्यांना जनावर दाखवी. ते दात पाहत, खूर उचलत, चार पावले चालवून बघत. मोबदल्यात चहा. "हे जनावर चालायचं नाही" असे ते म्हणाले, की मालकाने दोर उचलून घरची वाट धरायची. खुद्द त्यांच्या मेहुण्यानेही एकदा ती धरली होती. जनावराविषयी डॉक्टर औटी खोटे बोलत नाहीत, ही एकच गोष्ट त्यांच्या अंगी लोकांना आवडण्याजोगी होती.

मधल्या काळात आमच्या भागात एक नवे पीक आले. तालुक्याच्या गावी, रस्त्यालगतच्या गाळ्यांतून, शेअर बाजारात पैसे फिरवून दरमहा घसघशीत परतावा देणारी कार्यालये उघडली. काचेचे दार, आत थंडगार हवा, टोकदार बुटांची मुले आणि भिंतीवर हिरव्या-तांबड्या रेषांचे मोठे पडदे. त्या रेषा कशाच्या आहेत हे तिथे कोणी विचारत नसे. त्या हलतात, एवढे पुरेसे होते. उसाचे बिल मिळायला चार खेपा घालणारी आणि प्रत्येक खेपेला शंका काढणारी आमची माणसे तिथे चपला दाराबाहेर काढून आत जात. देवळात शिरताना जी श्रद्धा त्यांच्याजवळ मोजून मापून असते, ती तिथे त्यांनी मुक्तहस्ते उधळली.

एका मंगळवारी हमीदभाई चहा पिता पिता म्हणाले, "येत्या शनवारी जोडी उभी करतोय."

डॉक्टरांची बशी ओठांशी थांबली. "कोणती जोडी?"

"माज्याकडं काय छप्पन्न जोड्या हायती? राजा-सर्जा. गुडघं गेलं माजं. वैरन टाकाया वाकता येत न्हाई. ते तालुक्याचं नवं हापिस हाय ना, ते म्हैन्याला शेकडा धा देतंय. पैसं ठिवायचं अन् घरी बसून खायचं."

"म्हैन्याला दहा?" डॉक्टर हळूच म्हणाले. ते हळू बोलले की लोक सावरून बसत. "रोज स्वतःच्या वजनाइतकं दूध देणारी ही कोणती म्हैस, हमीदभाई? मी तर नोकरीत पाहिली नाही. ती खाते काय?"

"ते शेअर मार्केट खेळत्यात."

"ते तुम्हाला खेळवतायत! पुढच्या गिऱ्हाइकाचं दूध तुमच्या बादलीत ओततात आणि आपण धार काढली असं सोंग करतात. गिऱ्हाईक यायचं थांबलं की बादली कोरडी, आणि गोठ्यात म्हैस कधी नव्हतीच. परवाना विचारलात का त्यांना?"

"हापिसात एशी हाय, डॉक्टर. येवढं मोठं हापिस..."

"एसी तर शवागारातही असतो!"

"माज्या साडूला बराबर मिळत्यात दर म्हैन्याला."

"मिळणारच. तुम्ही यावं म्हणून तर देतात त्याला."

इथे थांबायला हवे होते. पण थांबणे हा डॉक्टरांचा स्वभाव नव्हे, आणि बाकावर श्रोते होते. "तुमच्यापेक्षा तुमचा सर्जा शहाणा," ते म्हणाले. "दावणीत काय टाकलंय ते तो निदान हुंगून बघतो."

सगळे खदखदून हसले. हमीदभाई हसले नाहीत. त्यांनी बशी खाली ठेवली, खांद्यावरचा पंचा सारखा केला आणि गुडघ्यांवर हात रोवून उठले.

"आजवर तुमी जनावरावरनं बोलायचात म्हून मी हसत हुतो," ते म्हणाले. "आज मलाच दावनीला बांधलंत. ऱ्हाऊ द्या."

ते गेले. डॉक्टर त्यांच्या पाठीकडे पाहत होते. मग माझ्याकडे वळून खेकसले, "तुम्ही काय बघताय? शनिवारी या. तरलता प्रत्यक्ष दाखवतो."

शनिवारी मी गेलो. जोडी शिंगांना रंग लावून, नवी वेसण घालून उभी होती, आणि माझ्यासारख्या अडाण्यालाही कळावे इतकी देखणी होती. भीमेपलीकडचा एक बागायतदार तिच्यावर भाळला. आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. विकणारा आपला हात पंच्याखाली घेतो, घेणारा त्याच पंच्याखाली आपला हात घालतो, आणि बोटे दाबून आकडा ठरतो. वरून दोघांचेही चेहरे दगडासारखे. हमीदभाईंचा पंचा बराच वेळ हलत होता. मग तो थांबला, आणि बागायतदाराच्या चेहऱ्यावरून मला समजले की जमले.

"तेवढं डॉक्टरांना दाखवून घेऊ," तो पंच्याखालचा हात तसाच ठेवून म्हणाला.

डॉक्टर कोणी बोलवायच्या आधीच तिथे उभे होते. त्यांनी राजाचे दात पाहिले. सर्जाचे पाहिले. खूर उचलला. चार पावले चालवले. तेवढ्यात सर्जाने मान वळवून त्यांचे उघडे कोपर चाटायला सुरुवात केली. खरखरीत जिभेने, सावकाश, ओळखीचे मीठ सापडल्यासारखे.

"डावा मागचा पाय," डॉक्टर लिंबाच्या शेंड्याकडे बघत म्हणाले. "आज दिसणार नाही. औताला जुंपला की दिसेल. हे जनावर चालायचं नाही."

बागायतदाराने पंच्याखालचा हात काढून घेतला.

त्यानंतर दुसरा आला, तिसरा आला. उन्हे चढली तरी डॉक्टर त्या जोडीपासून हलले नाहीत. जो कोणी थांबे त्याला तेच वाक्य, त्याच शेंड्याकडे बघून. हमीदभाई आधी चिडले, मग अजिजीवर आले.

"डॉक्टर, अल्लाला भ्या. ह्यो तुमच्या हातावर जल्मला हाय. ह्याच्या पायात काय बी न्हाई, तुमाला ठावं हाय."

डॉक्टरांनी नजर शेंड्यावरून हलवली नाही. मी मात्र त्यांच्या बाजूला उभा होतो, म्हणून मला एक गोष्ट दिसत होती. तोंडाने ते सर्जाची बदनामी करत होते आणि मनगटाशी बटण लावलेला त्यांचा डावा हात सर्जाच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवत होता.

"पण डॉक्टर," मी सर्व धैर्य एकवटून कुजबुजलो, "बैल तर नीट चालतो आहे."

"शास्त्रीबुवा," ते दातांतून म्हणाले, "मुस्की बांधा."

संध्याकाळी जोडी आपल्या दावणीला परत गेली. वखारीच्या दारातून हमीदभाईंनी ओरडून सांगितले की या माणसाचे तोंड पुन्हा बघणार नाही. तरलतेचा धडा मला मिळाला होता. फक्त तो मला वाटला होता त्याच्या अगदी उलट्या बाजूने.

हमीदभाईंनी पुढच्याच आठवड्यात सूड घेतला. कडब्याने शिगोशीग भरलेल्या गाडीला त्यांनी राजा-सर्जाला जुंपले आणि भर बाजारातून, लिंबासमोरून, चढावर गाडी नेली. सर्जाचा डावा मागचा पाय सगळ्या काष्टीने पाहिला. तो उजव्याइतकाच चांगला होता.

तिथून डॉक्टरांची पत उतरू लागली. लोक म्हणाले, म्हाताऱ्याची नजर गेली. कोणी म्हणाले, डोके गेले. सौद्याला त्यांना बोलावणे बंद झाले. ज्याला बैलाचा पाय कळत नाही त्याला पैशातले काय कळणार, असा हिशेब करून गुंतवणूकवालेही पांगले. दात दाखवायला कोणी येईना. डॉक्टर बाकाच्या एका टोकाला बसून राहत, उजवी बाही गुंडाळलेली, चहा निवत ठेवलेला. एक शब्द खरा सांगून ते स्वतःला सोडवू शकले असते. तो त्यांनी सांगितला नाही. मला ते चक्रवाढीवर काहीबाही ऐकवत, पण त्यात पूर्वीची धार नव्हती. माझा धड अपमानसुद्धा ते करेनासे झाले. मधेच थांबून वखारीकडे बघत आणि म्हणत, "वैरण ओली भरतोय. बुरशी लागेल. सांगणार कोण त्याला?"

बाहेरगावच्या गिऱ्हाइकांत पसरलेले जोडीविषयीचे बोलणे विरले तसे हमीदभाईंनी नवे गिऱ्हाईक गाठले. बोलणी होत आली होती. नेमक्या त्याच सुमारास एका सकाळी तालुक्याच्या त्या कार्यालयाला कुलूप दिसले. टोकदार बुटांची मुले गेली होती आणि जाताना भिंतीवरचा एसीही काढून घेऊन गेली होती. काचेच्या दारासमोर गर्दी उभी राहिली. आत कोणी नव्हते, पण सवयीने कित्येकांनी चपला बाहेर काढल्या होत्या. हमीदभाईंचा साडूही त्या गर्दीत होता. मी हे डॉक्टरांना सांगितले तेव्हा वाटले, आता ते खुलतील, आठवडाभर पुरेल एवढा उपहास करतील. त्यांनी फक्त विचारले, "जोडी गेली का?"

"नाही. आहे."

त्यांनी निवलेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

त्याच आठवड्यात शनिवारी संध्याकाळी, बाजार उठल्यावर, हमीदभाई वखारीतून बाहेर आले. गुडघे सांभाळत रस्ता ओलांडला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसले. मी मधे होतो. मी घाईघाईने उठून शेजारच्या दगडावर जाऊन बसलो. डॉक्टर शेंड्याकडे पाहत होते. हमीदभाई आपल्या पायांकडे.

मग हमीदभाईंनी खांद्यावरचा पंचा काढला, बाकावर दोघांच्या मधे ठेवला आणि आपला हात त्याखाली सारला.

विकायला जनावर नव्हते. आसपास कोणतेही जनावर नव्हते.

डॉक्टरांनी पंच्याकडे पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले. अवघड बाळंतपणाला घालावा तसा त्यांनी आपला उघडा उजवा हात हळूहळू त्याखाली घातला. पंचा हलला. थांबला. पुन्हा थोडा हलला. वर दोघांचेही चेहरे बाजारातल्यासारखेच, दगडाचे. काय ठरले ते मला माहीत नाही. पंच्याखालचे आमच्याकडे कोणी विचारत नाही. एवढेच सांगू शकतो की तो सौदा नेहमीच्या सौद्याहून बराच लांबला, आणि हात बाहेर आला तेव्हा डॉक्टरांनी त्याच पंच्याच्या टोकाने आधी चष्मा पुसला आणि मग, कोणाचे लक्ष नाही असे समजून, डोळे.

"वैरण ओली भरताय," ते घसा खाकरून म्हणाले. "अक्कल नाही."

"मला अक्कल असती," हमीदभाई म्हणाले, "तर ह्या बाकावर कशाला आलो असतो? ए, दोन चहा सांग रे."

"तीन सांगा," डॉक्टर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. आठवडेच्या आठवडे न दिसलेली ती जुनी तुच्छता त्यांच्या चेहऱ्यावर परतली होती.

"आणि तुम्ही काय बघताय, शास्त्रीबुवा? तोंड मिटा. दात दिसतायत."